नववी तार

"मामा, एक आउटपुट कमी पडतंय हे माहीत असूनसुद्धा तू हीच आयसी घेतलीस?"

गल्लीच्या गणपतीच्या दिव्यांसाठी निवडलेल्या चिपबद्दल भाचीनं हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात सोल्डरिंग आयर्न होतं, दुसऱ्यात झिरो पीसीबी, म्हणजे भोकांची कोरी पट्टी, आणि दातांत सोल्डरची तार. तार दातांत धरू नये म्हणून बायको वीस वर्षं ओरडते आहे, पण त्या दिवशी ती सवय कामाला आली. तोंडात काहीतरी असलं की उत्तर न द्यायला सबब मिळते. गणपती बसून चार दिवस झाले होते, चतुर्दशीला सहा उरले होते. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीला भाद्रपदात ओल येते. भिंतीचा चुना, राळेचा धूर आणि आदल्या दिवशीच्या मोदकांचं तूप असा एक मिश्र वास कोंडून राहिला होता. डाग देताना वारा नको म्हणून पंखा बंद होता. तिच्या आवाजात खोच नव्हती, हीच अडचण. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. खोच असती तर मीही काहीतरी ठेवून दिलं असतं आणि विषय मिटला असता. तसं झालं नाही. "हं" एवढंच म्हणून मी पुढचा डाग दिला, तो नेमका कोरडा बसला.

प्रश्न मुळात नानांच्या लाटण्याचा होता. नाना म्हणजे माझे काका, मिलमधले इलेक्ट्रिशियन. (इंदूरच्या मराठीत मिलच म्हणतात, गिरणी म्हणजे पिठाची.) गल्लीच्या गणपतीसाठी त्यांनी एक मोर केला होता. ट्रॉलीवर पावसाचा देखावा, मागे झाडं, मध्ये मोर, आणि त्याचा पिसारा तीन थरांनी फुलत जायचा. हे सगळे दिवे पाळीपाळीनं लावायला-विझवायला त्यांनी मिलमधून भंगारात निघालेला एक लाकडी रूळ घेतला, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि वरून पितळेचे ब्रश टेकवले. टेबलफॅनच्या मानेतला गिअर काढून त्यानं तो रूळ हळूहळू फिरवायचा. ब्रशखाली तांबं आलं की दिवा लागला, लाकूड आलं की विझला. घरात सगळे त्याला लाटणं म्हणायचे. ते फिरताना तट्, तट्, तट् असा आवाज यायचा, प्रत्येक तटाला निळी ठिणगी उडायची, आणि मोठ्या पावसाआधी येतो तसा काहीसा वास. आम्हा मुलांना पुढून मोर बघण्यापेक्षा मागून बारदान वर करून नानांना बघण्यात जास्त रस. ते ट्रॉलीच्या पोटात मांडी घालून बसलेले असत, आणि कुणी डोकावलं की पेचकस दाखवून हाकलत.

खऱ्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चालते देखावे, अर्थात मिलच्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही जेल रोडवर एका दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचो. सेव-परमलची पुडी, आईच्या मांडीवर झोपलेली धाकटी बहीण, पुढे अखाड्यांचे पट्टे आणि मागून एकेक झांकी, पहाटेपर्यंत. या परंपरेला आता सुमारे शंभर वर्षं होत आली. मिल एकेक करून बंद पडल्या तरी ती बंद पडली नाही, हे बाहेरगावच्यांना सांगूनही खरं वाटत नाही. हुकुमचंद मिलचा भोंगा १९९१ च्या डिसेंबरात थांबला, कामगारांच्या थकलेल्या पैशाचा निकाल लागून रक्कम सुटली ती २०२३ च्या डिसेंबरात, आणि मधल्या बत्तीस वर्षांत झांकी मात्र वर्गणी काढून निघत राहिली. नाना त्या मिलचे नव्हते, पण त्यांचीही कथा फार वेगळी नाही. त्यांच्या मिलच्या झांकीत ते इतरांच्या हाताखाली असत. गल्लीचा मोर मात्र पूर्ण त्यांचा. मला त्या मोरातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर शेवटचा अंधार. पिसारा पूर्ण फुलायचा, मग सगळे दिवे एकदम जायचे, गर्दी "आऽऽ" करायची, आणि त्या काळोखात बारदानाच्या विणीतून मोराच्या पोटात एक मिणमिणता पिवळा ठिपका दिसायचा. मी त्याला काजवा म्हणायचो. मग वीज चमकून खेळ पुन्हा सुरू.

नाना गेले, मोर माळ्यावर गेला, आणि गल्ली भाड्याच्या एलईडी माळांवर आली. गेल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, नानांचा मोर काढू. मोराला उंदरांनी फारसं काही केलं नव्हतं. लाटण्याची दशा मात्र वाईट होती. पट्ट्या झिजून कागदासारख्या, ब्रशांतली स्प्रिंग मेलेली, आणि बारदानाशेजारी आता कुणी उघड्या ठिणग्या उडवू देणार नव्हतं. तेव्हा ठरलं, लाटण्यावर जे लिहिलंय तेच इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरवायचं. ते काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण गल्लीत "त्याच्याकडे मीटर आहे" अशी माझी ख्याती आहे.

लाटणं वाचायला मी आणि भाची एक दुपार बसलो. तिनं रूळ फिरवायचा, मी आलेख-कागदावर चौकटी रंगवायच्या. नानांनी पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून रुळाची बत्तीस घरं पाडली होती, ती अजून दिसत होती. एक फेरा चोवीस सेकंदांचा, म्हणजे घराला पाऊण सेकंद. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटून बोटानं पट्ट्या चाचपत सांगायला लागली: "लाकूड, लाकूड, तांबं, तांबं, तांबं, लाकूड." तिच्या बोटाचं टोक हिरवट झालं होतं. दर ब्रशखाली रुळाभोवती पट्ट्यांचं एक कडं. दोन कडी चमकणाऱ्या विजेची, एक पावसाचं, एक झाडांचं, एक मोराच्या मानेचं, तीन पिसाऱ्याची. आठ झाली. आणि मग अगदी काठाला नववं. त्यावर एकच आखूड पट्टी, शेवटच्या चार घरांवर. त्याच्या ब्रशची तार मी हातानं मागोवा घेत गेलो, तर ती मोरापर्यंत पोचतच नव्हती. ट्रॉलीच्या आतल्याच एका आडव्या फळीपाशी तुटून लोंबत होती. "ही मेलेली आहे," मी म्हटलं आणि कागदावर नववी ओळ आखलीच नाही.

आता आयसी. माझ्या खणात एक काळी प्लास्टिकची नळी आहे, तिच्यात गॅल १६व्ही८ जातीच्या अकरा आयसी उरल्या आहेत. १९९६ साली मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणल्या होत्या, तेव्हा पंचवीस होत्या. ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: ही कोरी आयसी असते, तिच्या आत कोणती इनपुटं जुळली की कोणतं आउटपुट बदलायचं हे आपण लिहायचं. तिची थोरली बहीण पॅल, १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीच्या जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी आणली. तिच्यात फ्यूज जाळून लिहायचं, चुकलं की आयसी कचऱ्यात. १९८५ च्या सुमारास लॅटिस कंपनीची गॅल आली, ती विजेनं पुसून पुन्हा लिहिता येते. तिचे पाय वीस. एक सप्लायचा, एक अर्थचा, दहा फक्त इनपुटाचे, आणि उरले आठ. ह्या आठांतूनच काय ते बाहेर यायचं. त्यातही अटी आहेत. तिला आतल्या आत मोजणी करायला लावली तर ती मोजणी या आठांतलेच पाय खाते. बत्तीस घरं मोजायला पाच जातील, दिव्यांना तीन राहतील. म्हणून मोजायचं काम बाहेर एका ४०४० काउंटरला दिलं, त्याला ठोका ५५५ या टायमर आयसीचा. शिवाय ही आयसी द्यायला कंजूष आणि घ्यायला उदार आहे: पायातून बाहेर जेमतेम ३.२ मिलिअँपिअर, पण आत ओढायला २४. पुढच्या ऑप्टोला, म्हणजे आयसीचा निरोप उजेडातून दिव्याच्या स्विचला देणाऱ्या भागाला, लागतात १५. म्हणून दिवा लागायला पाय वर न्यायचा नाही, खाली ओढायचा. होय म्हणायचं असेल तर नाही लिहायचं. एकदा ही सवय डोक्यात भिनली की घरी बोलतानाही घोटाळे होतात.

भाचीचं म्हणणं सरळ होतं. एक आर्डुइनो घे, प्रोग्राम चालवणारा तयार छोटा बोर्ड, चौदा पाय आहेत, अर्ध्या तासात लिहून देते. मी म्हटलं, ट्रॉलीवर जनरेटर, मोटर, ठिणग्या, त्यात प्रोग्राम हँग होतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीची झांकी अशीच ऐन चौकात गोठली होती. "वॉचडॉग लाव, अडकला की तोच पुन्हा सुरू करेल," ती म्हणाली. बरोबरच होतं. बरं, प्रोग्राम नकोच असेल तर गॅलच्याच घराण्यातली २२व्ही१० आहे, चोवीस पाय, दहा आउटपुटं, असल्या आयसी मायक्रोचिप कंपनी अजून बनवते. "मागव ना ऑनलाइन." मी म्हटलं सहा दिवसांत येणार नाही. तिनं फोनवर बघितलं, तीन दिवसांत येत होती. मग मी दातांत तार धरली.

खरं कारण असं की मला ती नळीतलीच वापरायची होती.

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या आयसीच्या आठ पायांत काम बसवताना मला जो आनंद झाला तो आर्डुइनोनं कधी दिलेला नाही, हे मी तिला कसं सांगणार होतो? प्रत्येक आउटपुटाला फक्त आठ ओळी मिळतात. म्हणजे "अमुक आणि तमुक जुळलं तर" अशा आठ अटी, नवव्या अटीला जागा नाही. पिसाऱ्याचा तिसरा थर मोठा लहरी होता, नानांनी तो थरथरता दाखवला होता. मी लिहिलं तर अकरा ओळी झाल्या. लिहिलेलं आयसीसाठी उतरवणाऱ्या कंपायलरनं तोंडावर मारलं. रात्री जेवणाच्या टेबलावर ताटं सारून कार्नो नकाशे, म्हणजे अटी कमी करायचे तक्ते, मांडले, दोन कागद, सोळा-सोळा घरं, पेन्सिलीनं गोल करून शेजारशेजारची घरं एकत्र बांधायची. अकराच्या दहासुद्धा काही होईनात. बारा वाजून गेले. बायको दिवा मालवायला आली आणि म्हणाली, "तो कधी लागतो हेच काय धरून बसलात?" तिला झोपायचं होतं, बाकी काही अर्थ नव्हता. पण मी खरंच उलटं करून बघितलं. थर कधी लागतो ते न लिहिता कधी विझतो ते लिहिलं. पाच ओळी झाल्या. एवढंसं सुख, पण मी उठून गार पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी वाटलं, सगळे दिवे एकदम घालवणारं एक धोक्याचं बटण असावं. आयसीच्या आतच लिहिलं. तर तिनं न विचारता आपली बैठकच बदलली. आउटपुट तोडायची सोय मागितली की ती आठातली एक ओळ त्या कामाला घेते आणि हाती सात देते. पिसाऱ्याच्या दुसऱ्या थराला नेमक्या आठ लागत होत्या. बटण काढलं आणि सरळ सप्लायच्या तारेत लावलं, जिथे ते आधीच असायला हवं होतं. लहान आयसीशी असं भांडण होतं, आणि भांडणात कधी कधी तिचंच बरोबर निघतं. मोठी आयसी भांडतच नाही, आपण मागू ते देते. माझ्यासारख्या माणसाला ते जरा जडच जातं.

याच जातीच्या आयसीनं एकदा मला चांगलं रडवलंही होतं. २००१ च्या आसपास सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पिशव्या शिवणारं एक परदेशी मशीन बंद पडलं होतं. आत एक गॅल, तिच्यावरचं नाव पॉलिश पेपरनं घासून काढलेलं, आणि वर वाचणं बंद करणारं कुलूप. या आयसीत तशी सोय असते, एकदा ते लावलं की प्रोग्रामर रिकामा कागद दाखवतो. नशिबानं त्या मशीनच्या दुसऱ्या कार्डावर तीच चालू स्थितीत होती आणि तिला आठवण नव्हती, आत्ताचं इनपुट बघून आत्ताचं आउटपुट, इतकाच स्वभाव. दहा इनपुटं म्हणजे १०२४ जुळण्या. त्या सगळ्या एकेक करून लावल्या, उत्तरं टिपली आणि त्यावरून नवी लिहिली. कुणीतरी मुद्दाम लपवलेलं मन असं बाहेरून टकटक करून काढायचं. नानांच्या लाटण्याला कुलूप नव्हतं. वीस वर्षांच्या पोरीनं डोळे मिटून ते बोटानं वाचलं. माझ्या गॅलमध्ये लिहिलेलं किती टिकेल? डेटाशीटमध्ये २० वर्षं छापलंय. कुलूप मी लावलं नाही, पण कुणाचं बोट तिथे पोचणार नाही ते नाहीच.

आणि नववी तार. इथे मला स्वतःचं खोटं थोडं सांगायला हवं. तार मेलेली आहे असं मी लाटणं वाचताना म्हटलं तेव्हाच माझ्या डोक्यात नळीतली आयसी होती. आठ पाय आहेत, आठ कडी हवीत. नववं कडं दिसलं तेव्हा मी ते तपासलं कमी आणि निकालात काढलं जास्त. पट्टीचं तांबं इतर पट्ट्यांइतकंच झिजलेलं होतं, म्हणजे ती तार वर्षानुवर्षं चालत होती. हे मला दिसलं होतं. उगाच कुणी शेवटच्या चार घरांवर पट्टी ठोकत नाही, हेही कळत होतं. भाचीच्या प्रश्नाची टोचणी ती हीच. आयसी कमी पडते हे माहीत असून घेतली, इतकंच असतं तर चाललं असतं. मी गरजच कापून आयसीच्या मापाची केली होती.

चतुर्दशीला संध्याकाळी पाऊस थांबला. आमची ट्रॉली मोठ्या मिरवणुकीत जात नाही, गल्लीतून निघते, चौकात थोडी थांबते आणि विसर्जनाला जाते. नाना बसत त्याच जागी मी बसलो, मांडीवर बोर्ड. गुडघे आता तितके वळत नाहीत. बारदानाचा दमट वास, जनरेटरचा डिझेलचा धूर, वर प्लायवर कुणा पोराच्या पायांचा नाच. आयसीला बोट लावून बघितलं, कोमट होती, या जुन्या गॅल तशा तापतातच. खेळ सुरू झाला. बाहेरून ओरडण्याचे आवाज आले त्यावरून कळलं की पिसारा फुलतोय. मला आतून काहीच कळत नव्हतं, कारण माझं यंत्र मुकं होतं. नानांना तट्, तट् ऐकू यायचं, डोळे मिटूनही घर सांगता यायचं. माझ्या बोर्डावर दिवे लावतो तो ट्रायॅक, एक इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याला आवाज नसतो.

पहिल्याच गतिरोधकावर काहीतरी हललं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, वरचा थर गेला. कनेक्टरमधली एखादी तार सैल झाली असणार, पण कोणती? दिवे लागलेले असताना फटींतून येणाऱ्या रंगीत उजेडात सगळ्या तारा एकाच रंगाच्या दिसतात. मग शेवटची चार घरं आली. मिट्ट काळोख, तीन सेकंद. बाहेर गर्दीचं "आऽऽ". आणि त्या काळोखात मला काजवा आठवला.

पेचकस घेतलेला तो हात आठवला.

त्या चार घरांत आठही ब्रश लाकडावर असतात. आठही तारांत वीज नसते. त्या तीन सेकंदांत, आणि त्याच तीन सेकंदांत, आत हात घालून स्क्रू आवळता येतो. त्यासाठी नानांनी एक झिरोचा बल्ब फळीला लावला होता आणि त्याला रुळावरचं एक अख्खं कडं दिलं होतं. तो लागला की दिसतंही आणि हात घालायला हरकत नाही हेही समजतं. आम्ही पोरं त्याला देखाव्याचा भाग समजत होतो. तुटलेल्या तारेच्या टोकाला बल्ब होता, एवढंच मला शोधायचं होतं.

चौकाच्या अलीकडे बारदान मागून थोडं वर झालं. भाचीचं तोंड. मी तिला ओरडूनच सांगितलं, निम्मं जनरेटरनं खाल्लं. ती क्षणभर थांबली. "शेवटची चार घरं ना? म्हणजे काउंटरच्या वरच्या तीन बिटा. तीन डायोड आणि एक रेझिस्टर, मामा. आयसीचा पाय लागतच नव्हता." मग म्हणाली, "आज मी मोजते." आणि ट्रॉलीबरोबर चालत ओठ हलवत राहिली.

काळोख आला त्याच क्षणी तिच्या मोबाइलचा टॉर्च आत पडला, पांढरा, नानांच्या बल्बपेक्षा फार भगभगीत. सहावा कनेक्टर, डावा स्क्रू, तार अर्धी बाहेर. स्पष्ट दिसली. माझा हात पेचकस घेऊन पुढे गेला आणि बोटभर अलीकडे थांबला. लाकडावर आलेला ब्रश म्हणजे वीज तुटलेली. ट्रायॅक बंद असला तरी त्याच्यातून थोडी गळतच असते, तारेला झिणझिण्या असतातच. नानांचा तो उजेड जे सांगत होता ते माझ्या बोर्डावर खरं नव्हतं.

"दिसतंय ना?" ती बाहेरून विचारत होती.

दिसत होतं. मी पेचकस मांडीवर ठेवला. टॉर्च विझला, वर वीज चमकली आणि लोक पुन्हा ओरडले.